दोरी सैल ठेवा

चिवडा अनोळखी माणसाजवळ जात नसे. निकिताने तसं कुत्र्यांच्या दवाखान्याच्या फॉर्मवर लिहूनही दिलं होतं — स्वभाव भित्रा, अंतर ठेवतो. फॉर्म देऊन ती मागे वळली, तर चिवडा बाकावरच्या एका माणसाच्या पावलावर ऐसपैस बसला होता.

"सॉरी," ती दोरी ओढत म्हणाली. "तो असं करत नाही."

"करतोय तर." त्याने पाय हलवला नाही. "ओढू नका. मुंग्या आल्या की मीच सांगेन त्याला."

त्याच्या मांडीवर एक पिवळसर कुत्री होती, डावा कान दुमडलेली. ती चिवड्याकडे बघत नव्हती, चिवडा तिच्याकडे बघत नव्हता. दोघं एकाच खिडकीबाहेर बघत होते.

"काय झालंय याला?"

"रडतो," निकिता म्हणाली. आणि मग, का कोण जाणे, तिने त्याला सगळंच सांगून टाकलं.

चार वर्षं ती घरूनच काम करत होती. सातपूरच्या एका कारखान्यातल्या सुट्या भागांचे नकाशे तपासायचे आणि चूक कुठे सुरू झाली ते शोधायचं. आता एक डिसेंबरपासून रोज कारखान्यात हजेरी लावायची होती. सवय व्हावी म्हणून ती दोन दिवस चिवड्याला एकटं ठेवून बाहेर राहिली. दोन्ही दिवस तो सकाळपासून संध्याकाळपर्यंत रडला. ती वरच्या मजल्यावर भाड्याने राहायची. खाली घरमालकीण लंकाबाई, आणि हृदयाचं ऑपरेशन होऊन नुकतेच घरी आलेले त्यांचे यजमान. डॉक्टरांनी त्यांना दुपारची झोप सक्तीची केली होती. लंकाबाई भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या एवढंच म्हणाल्या, "पोरी, एक तारखेपर्यंत बघ. नाय जमलं तर त्याला गावाकडं ठेव." गावाकडे म्हणजे लासलगावजवळ, काकांच्या कांद्याच्या चाळीपाशी, साखळीला. आणि चिवडा चार वर्षं तिच्या उशीला उशी लावून झोपलेला.

"डॉक्टर फोनवर म्हणाले, त्याच्या सोबतीला दुसरं कुत्रं आणा," ती म्हणाली. "पण याला ते नाही आवडलं तर? दोघं मिळून रडले तर?"

"होऊ शकतं तसं."

दिलासा न देणारा माणूस तिला बऱ्याच दिवसांनी भेटला होता. ती त्याच्या शेजारी बसली.

त्याचं नाव चंदर. देवळाली कॅम्पच्या बाजारात त्याचं वर्दी शिवायचं दुकान होतं. जवानांच्या बदल्या व्हायच्या. काही घरांना कुत्रं सोबत नेणं जमायचं नाही. मग ते शिवलेली वर्दी घ्यायला यायचे आणि कुत्रं ठेवून जायचे.

"ही दोनदा आलीय माझ्याकडे," तो म्हणाला. "पहिल्या घरात ज्युली होती, दुसऱ्या घरात सिल्की. आता कुठल्याच नावाला मान वळवत नाही."

"तुम्ही काय म्हणता हिला?"

"काहीच नाही. तिसरं नाव तिसऱ्या घराने ठेवायचं. आणि ते शेवटचं असलं पाहिजे."

निकिताने कुत्रीकडे पाहिलं, मग चिवड्याकडे. "हिला... मला द्याल?"

"लगेच नाही." त्याने बोटं मोजली. "सात सकाळी एकत्र चालवून बघू. मोकळ्या रस्त्यावर, ना तुमच्या दारात ना माझ्या. मध्ये आपण दोघं, कुत्री बाहेरच्या बाजूंना. समोरासमोर आणायचं नाही. पहिल्या दिवशी आपल्यात सात हातांचं अंतर, मग रोज एक हात कमी. आणि दोरी सैल ठेवायची. सातव्या दिवशी गुरगुर झाली, तर नाही."

"माप घेताय की काय?"

"कापड एकदा कापलं की कापलं, मॅडम."

कॅम्पच्या अलीकडे दोन्ही बाजूंना जुनी झाडं असलेला एक शांत रस्ता होता. नोव्हेंबरची थंडी. चिवड्याला स्कूटरच्या पुढ्यात उभं करून निकिता साडेसहाला पोचायची तेव्हा चंदर आधीच आलेला असायचा, गळ्यात मेजरटेप, मफलरसारखी. तो खरोखर सात हात मोजून उभा राहिला. लंकाबाईंना दाखवायला पुरावा हवा म्हणून निकिता रोज फोन स्कूटरला टेकवून चित्रीकरण सुरू करायची, आणि ते त्याच्यासमोरूनच ये-जा करायचे.

पहिला दिवस नीट गेला. दुसराही.

"तुम्ही माझ्याकडे बघून बोलत नाही," तिसऱ्या दिवशी ती म्हणाली. अंतर पाच हात होतं.

"नियम आहे. समोर बघून चालायचं."

"तो कुत्र्यांसाठी."

"कुणासाठी ते मी कुठे सांगितलं?"

ती हसली नाही, पण पुढची वीस पावलं तिने मोजत टाकली. मग म्हणाली, "मॅडम म्हणू नका. कारखान्यातसुद्धा कुणी म्हणत नाही."

"मग काय म्हणतात?"

"'आली चूक काढायला.'"

आता चंदर हसला. दबका, नाकातल्या नाकात. धुकं विरत होतं, दूर कुठे जवानांची पळणारी तुकडी मोठ्याने आकडे म्हणत होती, आणि निकिताला वाटलं — एक तारीख नसती तर ही सकाळ किती छान असती. की एक तारीख आहे म्हणूनच आहे?

पाचव्या दिवशी, अंतर तीन हात असताना, चिवडा गुरगुरला.

सहाव्या दिवशी चंदरने चालता चालता आपला रुमाल तिच्याकडे धरला. थंडीने तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. तेवढ्यात चिवडा असा भुंकला की पिवळी कुत्री जागच्या जागी आडवी झाली. मान जमिनीला लावून, डोळे मिटून.

चंदर गुडघ्यावर बसला. त्याने कुत्रीच्या पाठीवर हात ठेवला आणि बराच वेळ उठला नाही.

"इथंच थांबू या, निकिता."

तिचं नाव त्याने पहिल्यांदा घेतलं, ते नाही म्हणायला.

"उद्याचा एक दिवस आहे," ती म्हणाली.

"हिला कुणी मारलेलं नाही. पण परत दिलेलं हिला कळतं. तिसऱ्यांदा मी नाही ते करणार. तुमचा चिवडा वाईट नाहीये, फक्त... बसत नाही माप."

घरी येऊन निकिताने काकांना फोन लावला आणि उचलायच्या आत ठेवून दिला. चिवडा तिच्या पायाशी बसून वर बघत होता. त्याला कसं सांगायचं, साखळी म्हणजे काय ते?

मग तिने जे तिला येत होतं ते केलं. सहाही दिवसांचं चित्रीकरण उघडलं आणि चूक कुठे सुरू झाली ते शोधायला बसली. पाचव्या दिवसाची गुरगुर. मागे. अजून मागे. गुरगुरण्याआधी चिवड्याचे कान मागे जात होते. कान मागे जाण्याआधी त्याच्या गळ्याचा पट्टा ताठ होत होता. पट्टा ताठ होण्याआधी दोरी. दोरीआधी — निकिताने चित्र थांबवलं — तिची स्वतःची डावी मूठ. ती आवळली जात होती. आणि मुठीच्याही आधी, दर वेळी, न चुकता, चंदरचं कोपर तिच्या बाजूला झुकत होतं.

चिवडा कुत्रीवर गुरगुरलाच नव्हता. बाईसाहेब घाबरल्यात, एवढंच त्याला दोरीतून कळत होतं.

चूक सापडली होती. पण ती दुरुस्त करायला सांगावी लागणार होती, आणि तीही त्यालाच. दोनदा मजकूर लिहून तिने पुसला. शेवटी पाठवला, "उद्या कुत्रीला घेऊन या. चूक सापडली."

"कुणाची?" त्याचं लगेच आलं.

"समोर सांगते."

सातव्या सकाळी अवकाळीची बारीक भुरभुर होती. चंदर आला, पण लांब थांबला, कुत्रीला पायाशी घेऊन. निकिताने फोन त्याच्या हातात नेऊन दिला आणि पावसाकडे बघत राहिली.

"हे बघा. पट्टा... दोरी... आणि ही माझी मूठ."

"आवळलीत तुम्ही. मी सांगितलं होतं, सैल."

"मला माहितीये काय सांगितलं होतं." तिने बोटाने चित्र मागे सरकवलं. "ती कधी आवळते ते बघा."

त्याने पाहिलं. पुन्हा लावून पाहिलं. सहाव्या दिवसाचंही पाहिलं, रुमालाचं.

"मी जवळ आलो की," तो हळूच म्हणाला.

"हो."

"भीती वाटते माझी?"

"तुमची नाही." झालं, आता मागे फिरणं नव्हतं. "तुम्ही सातव्या दिवशी जाल — त्याची. कुत्री मिळाली तरी जाल आणि नाही मिळाली तरी जाल. हे मला चिवड्यासाठी सांगावं लागतंय. नाहीतर मी कधीच सांगितलं नसतं."

चंदर फोनवर एकेक मागचा दिवस उघडत गेला. पानांवरून पाणी टपकत होतं. निकिताने मनातल्या मनात साखळी पाहिली, कांद्याची चाळ पाहिली, आणि रिकामा रस्ताही.

मग त्याने फोन तिच्यासमोर धरला. "तुम्ही फक्त तुमची बाजू तपासली. ही माझी बघा."

चित्रात त्याची दोरी होती. ती सैल नव्हती. ती हातातच नव्हती. तिसऱ्या दिवसापासून रोज ती थोड्या वेळाने जमिनीवर लोळत होती आणि पिवळी कुत्री आपली आपण शहाण्यासारखी चालत होती.

"कधी सुटली ते मला कळलंच नाही," तो म्हणाला. "बारा वर्षं कुत्री चालवतोय. रस्त्याकडे बघत होतो असं मला वाटत होतं."

आता निकिता हसली, आणि हसताना तिला आपण रडतोय असंही वाटलं.

"आजचं अंतर एक हात," चंदर म्हणाला. तो तिच्या उजवीकडे येऊन उभा राहिला, कुत्रीची दोरी बाहेरच्या हाताला गुंडाळून. मोकळा डावा हात त्याने तिच्यापुढे केला. "मूठ आवळायचीच असेल तर ही आवळ."

तिने आवळली. अगदी घट्ट, हाडं लागतील इतकी. आणि दुसऱ्या हातातली दोरी पहिल्यांदाच खाली झुकली.

ते चालले. दहा पावलं, पन्नास पावलं. चिवड्याचे कान पुढेच होते. वळणावर पिवळी कुत्री थांबली, त्यांच्या पुढून वळसा घालून गेली आणि चिवड्याच्या ओल्या कानाचा वास घेतला. निकिताने दोरी सैलच ठेवली. चिवडा शिंकला, आणि कुत्रीच्या बरोबरीने चालू लागला.

"समोरासमोर आणायचं नाही, असं ठरलं होतं," ती कुजबुजली.

"आपण कुठे आणलं?" चंदर म्हणाला. "नाव ठेव आता."

"शेव."

कुत्रीने मान वळवली. कदाचित आवाजाला, कदाचित सहजच.

एक डिसेंबरला जेवणाच्या सुट्टीत निकिताने लंकाबाईंना फोन लावला. "काय करतायत?"

"झोपलेत. तिघं पण."

"तिघं?"

"आमचे हे हायेत ना. वरचं दार उघडं राह्यलं, तर दोघं खाली आले अन् त्यांच्या खाटेखाली पसरले. हळू बोल."

तिने चंदरला कळवलं, "रडले नाहीत."

"मग उद्या सकाळी चालायची गरज नाही," त्याचं उत्तर आलं.

ती फोनच्या पडद्याकडे बघत राहिली. मग खाली अजून एक ओळ उमटली.

"साडेसहाला ये. स्वेटर घाल. अंतर मोजायला टेप आणणार नाहीये मी."