पक्केकाकांचा हात

बारक्या मामांकडे निघाला तेव्हा गाडीत दोन गोष्टी होत्या. पुढच्या सीटवर मामांच्या बोटांना लावायचं मलम आणि मागे डिकीत एक पोतं. मलमाबद्दल मामींशी फोनवर बोलणं झालं होतं. पोत्याबद्दल तो कुणाशीच बोलला नव्हता.

नाव बारक्या, पण आता पोट असं सुटलेलं की सीट मागे सरकवल्याशिवाय गाडीत मावेना. लहानपणी काडी होता, तेव्हा मामांनी ठेवलेलं नाव चिकटलं ते चिकटलंच. आईबाप लवकर गेले. मामांच्या सुतारखान्यात भुशात लोळून हा वाढला. उजव्या हाताची करंगळी तिथेच लाकूड आवळायच्या शिकंज्यात सापडून कायमची वाकडी झाली होती. तेव्हा मामा रात्रभर त्याला मांडीवर घेऊन बसले होते, आणि आज हा त्यांच्याकडे काय करायला चालला होता, ते ऐका.

आधी पक्केकाका कोण ते सांगायला हवं. लाकडावर नक्षी कोरणारी मशीनं असतात ना, संगणकावर चालणारी, त्यांचा प्रोग्राम या माणसानं एकट्यानं लिहिला. विकायचा एकदाच, जन्मभरासाठी. गिऱ्हाइकाचा उजवा हात आपल्या खरखरीत हातात घ्यायचा आणि म्हणायचं, "तुमचं मशीन आहे तोवर हे चालणार. मी असो वा नसो. पक्कं?" समोरचा "पक्कं" म्हणेपर्यंत हात सोडायचा नाही. पकड अशी की अंगठी घातलेला माणूस कळवळायचा. मग पिशवीतून शिसवाचा एक तुकडा काढून मशीनवर ठेवायचा, आणि नव्या प्रोग्रामचं पहिलं काम म्हणून स्वतःचा उजवा तळहात कोरून घ्यायचा, अगदी रेघान् रेघ. तो तळहात मशीनच्या वर भिंतीवर खिळ्याला टांगायचा. शब्दाची खूण तीच.

पक्केकाका गेले. जावयाला संगणकातलं ओ की ठो कळत नव्हतं, त्यानं कंपनी विकून टाकली. नवे मालक आले आणि पहिल्याच बैठकीत साहेब म्हणाले, "जन्मभराचं काही नाही. दर वर्षी पैसे भरा, नाहीतर मशीन बंद. जुन्या मालकानं शब्द दिला म्हणता? मग जाऊन जुन्या मालकालाच विचारा." सगळे हसले. बारक्याही हसला. पोटासाठी माणूस काय काय करतो.

पण जुनी मशीनं इंटरनेटला जोडलेलीच नव्हती. प्रोग्राम काढायचा तर माणसानंच जायला हवं. वर लोक ते लाकडी तळहात घेऊन कोर्टाची पायरी चढायला लागले होते, म्हणून तेही काढून आणायचे. या कामाला बारक्यासारखा माणूस शोधून सापडला नसता. पक्केकाकांचा तो पहिला नोकर. सगळे सुतार त्याला ओळखायचे, "ये रे, ये" म्हणून दार उघडायचे. घरचा भेदी, दुसरं काय! डिकीतलं पोतं त्या तळहातांनी भरलं होतं.

त्याच्याबरोबर आणखी एक जण हेच काम करायचा. उंच होता म्हणून सगळे त्याला लांब्या म्हणायचे. मागच्याच आठवड्यात ऑफिसच्या लिफ्टच्या दारात त्याचा उजवा हात मनगटापासून गेला. अपघात, कुणालाही होऊ शकतो. फक्त डॉक्टर म्हणाले, जखमेत लाकडाचा भुसा कसा काय होता? लिफ्ट तर सगळी लोखंडाची. बारक्यानं त्यावर फार विचार केला नाही, म्हणजे करायचा नाही असं ठरवलं.

"तुझ्या मामाचं मशीन तेवढं राहिलंय," सकाळी साहेब म्हणाले होते. "ते चालू राहिलं, तर उद्यापासून तू घरी बस."

दुपारी तो पोचला तेव्हा मामा अंगणात ऊन खात होते. संधिवातानं त्यांची दहाही बोटं आत वळली होती. पटाशी सोडा, चमचासुद्धा धरवत नव्हता. त्या मशीनमुळेच त्यांचं काम चालू होतं. नक्षी ते संगणकावर मनगटानं रेखायचे आणि मशीन कोरायचं. घर त्यावर चालायचं, आणि मामांचं डोकंही त्याच्याच जोरावर ठिकाणावर होतं. मामी म्हणायच्या, "हे बंद पडलं ना, तर हा माणूस महिनाभरात जाईल बघ."

मामींनी मलम घेतलं, चहा ठेवला. बारक्यानं घसा खाकरत सगळं सांगितलं. कपाळावरचा घाम पुसत, नियम, धोरण, वरून आलेले आदेश.

"म्हणजे तू माझे हात तोडायला आलायस," ते म्हणाले.

"मामा, असं काय बोलता... माझी नोकरी आहे."

"आडवा येणार नाही मी. ज्याला वाढवलं त्याच्याशी कसली हाणामारी करायची? पण एक सांगतो. जिवंत माणसाचा शब्द मोडला तर तो भांडतो, शिव्या देतो, सोडून देतो. मेलेल्या माणसाचा शब्द मोडू नये, बारक्या. तो पाळायला मग त्याला स्वतःलाच यावं लागतं."

"काहीतरीच तुमचं," बारक्या म्हणाला आणि उठला. चहा तसाच राहिला.

सुतारखान्यात उन्हाचा एक पट्टा छपराच्या काचेतून खाली आला होता. सरस, पॉलिश, कापलेलं लाकूड, सगळे वास लहानपणचे. पण आज त्यांत आणखी एक वास होता, नुकत्याच चिरलेल्या ओल्या शिसवाचा. बारक्यानं इकडेतिकडे पाहिलं. भिंतीवरचा तो जुना तळहात सोडला, तर शिसवाचं लाकूड कुठेच नव्हतं.

भिंतीवरचा तळहात त्यानं खिळ्यावरून काढला. लाकूड कोमट लागलं. ऊन पडलं असेल, तो मनाशी म्हणाला. पण ऊन त्या भिंतीवर येतच नव्हतं. त्यानं तो पटकन बाकावर पालथा ठेवला.

आता प्रोग्राम काढायचा. पक्केकाकांनी एक मेख मारून ठेवली होती, रागाच्या भरात कुणी काही पुसू नये म्हणून. मशीन शून्यावर आणल्याशिवाय प्रोग्राम निघायचा नाही. शून्य लावायची रीत सुतारांची जुनीच. टेबलावर कागदाची चिठ्ठी बोटांनी धरून हलवत राहायची, आणि कोरणारं पातं इंच इंच खाली आणायचं. चिठ्ठी अडकली की तिथे शून्य. पातं फिरत नसतं, त्यामुळे धोका नाही. तरीही बारक्या मामांच्या हाताखाली शिकलेला. पातं फिरवणाऱ्या मोटरची वायर त्यानं आधी उपसून काढली आणि डाव्या खांद्यावर टाकली. मग उजव्या हातानं चिठ्ठी धरली आणि डाव्यानं बटण दाबलं.

पातं उतरायला लागलं. चिठ्ठी सरकत होती, सरकत होती, मग अडकली. बारक्यानं बटण सोडलं.

पातं थांबलं नाही.

हात काढायला त्याला वेळ होता. तो नंतर शपथेवर सांगायचा की वेळ होता. पण हाताच्या पाठीवर कुणाचा तरी हात होता. खरखरीत, कोरडा, ओळखीचा. त्यानं बारक्याचा पंजा टेबलावर सपाट दाबून धरला होता, बोटं फाकवून.

"काका...?" तो पुटपुटला.

पातं तळव्याच्या मधोमध घुसलं. हाडात अडलं, कचकन आवाज झाला, आणि आरपार जाऊन लाकडात रुतलं. बारक्या गुरासारखा ओरडला. खांद्यावर वायर तशीच लोंबत होती, तिचं टोक हवेत, कशालाच न जोडलेलं. आणि पातं फिरायला लागलं.

ते काम सफाईचं होतं. पातं आधी अंगठ्याच्या बाजूनं गेलं, मग एकेका बोटाच्या कडेनं, वर, वळसा, खाली. रक्त चक्राकार उडून काचेपर्यंत गेलं. मांस आणि भुसा एकत्र त्याच्या तोंडावर बसत होता, डोळ्यांत जात होता. वाकड्या करंगळीशी पातं क्षणभर थबकलं, जणू हे वळण त्याच्या ध्यानात नव्हतं, मग तिच्याही वळणावळणानं गेलं. शेवटी मनगट. तिथे पात्याला घाई नव्हती. हाड चिरताना येणारा वास, शिंग जाळल्यासारखा, बारक्याच्या नाकातून पुढे कधीच गेला नाही. शुद्ध जाता जाता त्याच्या कानाशी कुणीतरी विचारलं, अगदी प्रेमानं, "पक्कं?"

मामा धावत आले तेव्हा तो टेबलाखाली पडला होता. वळलेल्या बोटांना गाठ मारता येईना, तेव्हा त्यांनी पट्टा त्याच्या दंडाभोवती घालून दातांत धरून आवळला आणि त्याचा जीव वाचवला. मामींनी हात शोधला. टेबलावर, टेबलाखाली, भुशाच्या पिंपात कोपरापर्यंत हात घालून शोधला. हात नव्हताच. बाकावरचा लाकडी तळहात मात्र परत खिळ्यावर टांगलेला होता. तो कुणी टांगला, ते दोघांनीही एकमेकांना विचारलं नाही.

इस्पितळात बारक्याला शुद्ध आली ती नसलेल्या हाताच्या कळांनी. डॉक्टर म्हणाले, असं होतं, मेंदूला कळायला वेळ लागतो. पण बारक्याला नुसत्या कळा जाणवत नव्हत्या. नसलेला तो पंजा कुणीतरी हातात धरून बसलं होतं. दिवसरात्र. दुखवत नव्हतं, पण सोडतही नव्हतं.

"मामा, चुकलो हो मी," तो रडला. "तुमचे हात काढून घ्यायला आलो होतो..."

"गप्प राहा," मामा म्हणाले आणि वळलेल्या बोटांनीच त्याचे डोळे पुसले.

तिसऱ्या दिवशी साहेब आले. फुलांचा गुच्छ, महागडं अत्तर, बोटांत जाड अंगठ्या. मामांकडे त्यांनी पाहिलंही नाही.

"वाईट झालं," ते म्हणाले. "पण मशीन अजून चालूच आहे म्हणे? सोमवारी दुसरा माणूस पाठवतो. तुमच्या त्या पक्केकाकाच्या लाकडी हातांचं सगळं पोतं तुझ्या गाडीतून घेतलंय, संध्याकाळी जाळून टाकू. तू काळजी करू नको, लवकर बरा हो."

आणि सवयीनं त्यांनी उजवा हात पुढे केला. पुढच्याच क्षणी त्यांना चूक कळली. समोर पट्ट्या गुंडाळलेलं थोटूक होतं. ओशाळून हसत ते हात मागे घ्यायला गेले.

हात मागे येईना.

बारक्याला ते आधी कळलं. नसलेल्या पंजातली ती खरखरीत पकड सुटली, आणि तिच्या जागी एक मऊ, घामट हात आला. बोटांत अंगठ्या होत्या. त्या अंगठ्यांचा गारवासुद्धा त्याला जाणवला.

"हे काय... कोण... सोड!" साहेबांचा आवाज चिरकला. हवेत, थोटकापासून वीतभर अंतरावर त्यांचा पंजा चेपत चालला होता. बोटं एकमेकांवर चढली. पहिलं हाड मोडलं त्याचा आवाज सगळ्या वॉर्डनं ऐकला. मग बाकीची, पटापट. अंगठ्या मांसात रुतल्या, नखांखालून रक्त आलं, ते फुलांवर सांडलं. साहेब गुडघ्यावर आले. "करंगळी..." ते किंचाळत होते. "वाकडी करंगळी... रुततेय... अरे कुणीतरी सोडवा रे!"

कुणाला सोडवणार, कुणापासून? दोन वॉर्डबॉय त्यांना कमरेला धरून मागे ओढत होते. हात मनगटातून सुटला तेव्हा ते तिघेही भिंतीवर आदळले. पंजा कुठेच पडला नाही.

साहेबांना स्ट्रेचरवरून नेलं. नंतर फरशी पुसायला आलेली बाई खाली वाकली आणि म्हणाली, "इथे कुणी रंधा मारला का हो?" रक्तात भुसा होता, चांगला ओंजळभर. मामांनी वळलेल्या बोटांवर थोडा घेऊन नाकाशी नेला.

"शिसव," ते म्हणाले. "ओलं आहे. आत्ता कापलंय."

मामी भिंतीला टेकून उभ्या होत्या, पदर तोंडात धरून. मामा भाच्याकडे वळले.

"बारक्या, तू सोडलं का नाहीस त्यांना?"

"मी धरलंच नव्हतं, मामा..."

"सुरुवातीला नसशील. पण नंतर?"

बारक्यानं मान फिरवली. बाहेर व्हरांड्यात कंपनीचा दुसरा माणूस आला होता. साहेबांना कुठे नेलं, असं कुणाला तरी विचारत होता. त्याच्या बुटांचा आवाज वॉर्डाच्या दाराकडे यायला लागला.

पांघरुणाखाली, जिथे काहीच नव्हतं तिथे, बारक्याची बोटं एकेक करून उघडली. शेवटी ती वाकडी करंगळी. मग तळहात पुढे झाला. त्यानं तो पुढे केला नव्हता.