दोन्ही धूसर असतील तर

आपला माणूस पहिल्यांदा भेटावा तर असा, की त्याला आपण दिसत नाही आणि आपल्याला तो मनसोक्त पाहता येतो. माझं तसंच झालं. देवाचे आभार!

"भैया, पायरी आहे!" असं मी ओरडेपर्यंत तो पायरीला ठेचकाळला आणि थेट आमच्या काउंटरवर येऊन आदळला. मग त्यानं मूठ उघडली. आत चष्म्याची एक दांडी होती आणि काचेचा चुरा.

"क्या हुआ?" मी विचारलं.

"इधर से एक का जुलूस, उधर से दूसरे का… और बीच में मैं."

तेवढ्यात आतून आईनं हाक मारली, "गंधाली, चहा ठेवू का गं?" आणि त्यानं चटकन भाषा बदलली.

"मराठी आहात? मग नीट सांगतो. एकानं पाडला, दुसऱ्यानं तुडवला. दोघांनी मिळून फोडला!"

मला हसू आवरेना. त्याला ते दिसलं नाही, पण ऐकू गेलं असणार, कारण तोही हसला. केसांत, भुवयांवर सिलतऱ्याच्या कारखान्यांची काळी धूळ होती, आणि हसल्यावर गालाला खळी… जाऊ द्या.

बूढ़ापारा या आमच्या हिंदी बोलणाऱ्या मोहल्ल्यातलं हे दुकान बाबांचं. बाबा, म्हणजे श्रीपादराव, फ्रेम्स विकतात आणि मी मागच्या अंधाऱ्या खोलीत डोळे तपासते. त्याला तिथं बसवलं, नाकावर तपासणीची जड फ्रेम चढवली. नाव गौतम मेश्राम, सिलतऱ्याच्या एका कारखान्यात केमिस्ट.

"सांगा. पहिली काच बरी, की दुसरी?"

"दुसरी."

"नक्की?"

"म्हणजे… पहिलीपेक्षा बरी."

"तसं नाही चालत हो!"

बाबांनी मला पहिल्या दिवशी हेच शिकवलं होतं. पेशंट भिडस्त असतो. समोरच्याला त्रास नको म्हणून दोनमधली कमी धूसर काच निवडून मोकळा होतो, आणि मग महिनाभर डोकं धरून बसतो. म्हणून बाबांचं वाक्य मी त्याला ऐकवलं, "दोन्ही धूसर असतील तर दोन्ही धूसर म्हणा. माझ्याकडे पेटीभर काचा आहेत."

तो मांडीवर थाप मारून म्हणाला, "हेच! हेच मी सकाळपासून दारोदार सांगून राहिलो. पण इतकं सोपं करून नाही ना जमलं मले!"

आणि त्यानं खिशातून एक चुरगळलेला कागद काढला. त्यावर केतलीचं, म्हणजे चहाच्या किटलीचं, चित्र होतं.

आमच्या वॉर्डाची निवडणूक होती. एक उमेदवार जुने पार्षद, म्हणजे नगरसेवक. त्यांच्या कृपेनं आमच्या गल्लीतली नाली दर वर्षी खोदली जायची आणि दर वर्षी तुंबायची. दुसऱ्याचे पोट्टे दुकानादुकानांत शिरून दमदाटी करायचे. दोघांच्या बायका हळदीकुंकवाला येऊन आईच्या हातात आपापल्या वाट्यांचं वाण ठेवून गेल्या. आई म्हणाली, "एकीचं बूड पातळ, दुसरीचा काठ बोटाला कापते." तिसऱ्या होत्या सरलादीदी, रिटायर्ड नर्स, अपक्ष, चिन्ह केतली. त्या आल्या, तिळगूळ खाल्ला, वाकून नाली पाहिली आणि गेल्या. वाण-बिण काही नाही.

"तुम्ही काहून फिरता त्यांच्यासाठी?" मी विचारलं.

"माझी आई दवाखान्यात होती. आम्ही हातपाय गाळले होते. ड्युटी संपली तरी दीदी तिच्या उशाशी बसून राहायच्या. आज आई आमच्यावर ओरडते ना, ते ओरडणं त्यांच्यामुळे ऐकू येते. माझं मत इथं नाही. आमचं घर रेल्वे कॉलनीत. म्हणून तुमचं मागून राहिलो."

"चष्म्यासाठी आला होता की मतासाठी?"

"आलो चष्म्यासाठी… आता दोन्ही पाहिजे."

मी घाईघाईनं तिसरी काच घातली. "आता?"

"आता… सगळं दिसून राहिलं."

"चार्टाकडे पाहा!"

"हो, तो पण."

त्या अंधाऱ्या खोलीत माझे कान तापले होते. बरं झालं, कुणी दिवा लावला नाही.

चष्मा झाला. मग त्याचा स्क्रू सैल व्हायला लागला. एक दिवसाआड गौतम हजर! "जरा ढिला झालाय." मी घट्ट करून द्यायची, तो परवा पुन्हा सैल. नखानं फिरवून आणतो हे मला कळत होतं, आणि मला कळतंय हे त्याला कळत होतं.

पण घरी वेगळंच चाललं होतं. माझ्यासाठी दोन स्थळं आली होती. नागपूरच्या मुलानं पहिल्याच फोनवर सांगितलं, "लग्नानंतर हे चष्मेबिष्मे सोडावं लागेल हां." भिलाईचा पाहायला आला आणि पोहे संपेपर्यंत स्वतःच्या गाडीचं मायलेज सांगत राहिला. रविवारपर्यंत उत्तर द्यायचं होतं.

"दोघांत भिलाईवाला त्यातल्या त्यात बरा," बाबा म्हणाले. "किती दिवस नाही-नाही करशील? मी म्हातारा होऊन राहिलो, गंधू." बाबा रागावले असते तर मी भांडले असते. पण त्यांचा आवाज थकलेला होता, आणि मी मान डोलावली… जवळजवळ होच म्हटलं.

मतांचंही त्यांचं तेच. "केतलीले दिलं म्हणजे वाया. तो दमदाटीवाला निवडून येईल. त्यापेक्षा नालीवाला बरा."

दुसऱ्या दिवशी गौतम स्क्रू घेऊन आला तेव्हा मी त्याला दोन्ही स्थळांचं सांगून टाकलं. का सांगितलं? त्यानं भांडावं म्हणून! तो भांडला नाही. चष्मा काढून हातात धरून बसला.

"आमच्या हॉलमध्ये बाबासाहेबांचा फोटो आहे," तो हळूच म्हणाला. "तुमच्या इथं गणपती. मी तर तुमच्या बाबांच्या यादीतही नाही, गंधाली."

पहिल्यांदा त्यानं नावानं हाक मारली, आणि तीही अशी. त्या दिवशी तो स्क्रू तसाच सैल घेऊन गेला.

मतदानाच्या दिवशी सकाळी हवेत गारवा होता. शाळेत लांब रांग होती. मशीनसमोर उभी राहिले आणि खरं सांगते, बोट नालीवाल्याच्या बटणाकडेच गेलं होतं. सवय हो! मग कानात माझाच आवाज आला, दिवसभर लोकांना सांगते तो. दोन्ही धूसर असतील तर दोन्ही धूसर म्हणा. मी केतली दाबली. मशीन पीऽऽ वाजलं आणि माझ्या छातीवरचं काहीतरी उतरलं.

शाळेपासून दूर, कडुलिंबाखाली सरलादीदींचं टेबल होतं. गौतम तिथं एकटा. मी शाई लावलेलं बोट त्याच्या नाकासमोर धरलं.

"दिलं."

"वाया गेलं तर?"

"जे नको आहे त्याला दिलं असतं, तर वाया गेलं असतं."

तो टक लावून पाहत राहिला. "हे… मताबद्दल बोलून राहिली ना तू?"

"दोन्हींबद्दल," मी म्हटलं आणि पळाले! मागून त्याची खुर्ची पडल्याचा आवाज आला.

सरलादीदी हरल्या. तिसऱ्या आल्या. नालीवालेच जिंकले. बाबा म्हणाले, "पाहिलं?"

आणि रविवारी सकाळी दुकानाच्या दारात सरलादीदी उभ्या! हातात खरीखुरी भलीमोठी केतली, आल्याचा वास गल्लीभर. मागे कपांची पिशवी घेऊन गौतम. हरलेली बाई घरोघरी जाऊन चहा पाजत होती.

"काका, चाय."

बाबा अवघडले. ते खोटं बोलत नाहीत. "सरलाबाई, मी तुम्हाले मत नाही दिलं."

"हव, मालूम है," त्या हसल्या. "चाय तो पियो."

"हरल्यावर आभार कशाचे मानता?"

"हारी तो मैं हूँ काका, जिन्होंने वोट दिया उन लोगों का क्या दोष? किसी ने कुछ नहीं माँगा, फिर भी मुझ पर भरोसा किया. इतना बड़ा एहसान… चाय तो बनती है."

बाबांनी कप घेतला. बराच वेळ नुसते फुंकर घालत राहिले. मग माझ्याकडे न पाहता म्हणाले, "भिलाईवाल्यांचा फोन येईल आत्ता. काय सांगू?"

गौतम कपांच्या पिशवीशी उगाच खुडबुड करत होता.

"दोन्ही धूसर आहेत, बाबा."

बाबांचा कप ओठांपाशीच थांबला. त्यांचंच वाक्य होतं ते. किती वर्षं किती लोकांना सांगितलं असेल, पण घरातून परत ऐकायला मिळेल असं त्यांना वाटलं नसावं.

"आणि… तिसरी काच?" त्यांनी विचारलं.

मी गौतमकडे पाहिलं. बोलायला काही उरलंच नव्हतं, माझा सगळा चेहरा बोलत होता. आई आतल्या दारात येऊन उभी राहिली होती.

बाबांनी कप खाली ठेवला. "मेश्राम ना रे तू?"

"हो, काका." गौतमची मान ताठ होती. "रेल्वे कॉलनीतले."

बाबांनी त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

मग बाबांनी खुर्ची पुढे ओढली. "बस. चष्मा दे इकडे." त्यांनी खिशातून आपला बारका स्क्रू-ड्रायव्हर काढला. "एक दिवसाआड स्क्रू सैल होत नसतो, पोट्ट्या. चाळीस वर्षं चष्मे विकून राहिलो, एवढं मले कळते. मीच कळून न कळल्यासारखं करून राहिलो होतो."

त्यांनी स्क्रू घट्ट आवळला, काचा स्वतःच्या सदऱ्यानं पुसल्या आणि चष्मा आपल्या हातानं गौतमच्या कानांवर चढवला. माझे डोळे भरून आले. बाबांना हे सोपं नव्हतं, मला ठाऊक आहे, आणि त्याचे आभार मानायला माझ्याकडे अजून शब्द नाहीत.

"दिसते का आता नीट?" बाबांनी विचारलं.

गौतमनं आधी त्यांच्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

"हव, काका," तो म्हणाला, "एकदम साफ."