हळूहळू दुखावलेले मासे

माशांच्या खोलीत शिरले आणि बघते तर काय — माझ्या टाकीवरचा दिवा बंद! टाकीला नाक लावून एक उंच माणूस माशांशी चक्क गप्पा मारत होता.

"दिवा कोणी बंद केला?"

"मी." चेहऱ्यावर केवढा अभिमान! "बिचाऱ्यांना पापण्याही नाहीत हो. कोणीतरी विसरलं असणार."

"विसरलं नाही. मी मुद्दाम लावलाय. महिनाभरापासून!"

त्याचा चेहरा खर्रकन उतरला. आमच्या संशोधन संस्थेत नुकताच रुजू झालेला हा प्राण्यांचा डॉक्टर. दयाळू माणूस, पण मला त्या क्षणी त्याची मान मुरगाळावीशी वाटली.

माझे मासे करंगळीएवढे, पट्टेरी. त्यांच्या डोळ्यांतल्या पडद्याला एकदम मोठी इजा झाली, तर तिथल्याच आधार देणाऱ्या पेशी जाग्या होतात, नव्या चेतापेशी घडवतात आणि मासा पुन्हा पाहू लागतो. माणसाला हे जमत नाही. पण इजा एकदम न होता रोज थोडी थोडी होत राहिली तर? मला तेच शोधायचं होतं, म्हणून रात्रंदिवस जळून डोळ्यांना हळूहळू इजा करणारा तो दिवा.

"पुन्हा पहिल्यापासून करावं लागेल," मी म्हणाले. "आणि तुम्ही मदत करणार."

"शिक्षा?"

"शिक्षाच."

शिक्षा त्याला भलतीच मानवली. रोज संध्याकाळी बाह्या दुमडून हजर! सगळ्यांच्या आधी खाण्यावर झडप घालणाऱ्या माशाला त्याने 'जावईबापू' नाव ठेवलं. एकदा जाळी देताना त्याची ओली बोटं माझ्या बोटांवर टेकली... आणि दोघांनीही हात मागे घ्यायची घाई केली नाही.

मला आडवळणाने बोलता येत नाही. एका संध्याकाळी सरळ सांगून टाकलं, "मला तुम्ही आवडता."

तो कोरडीच जाळी पुसत राहिला.

"माझं लग्न मोडलंय," तो हळूच म्हणाला. "एका भांडणात मोडलं असतं तर बरं होतं. वर्षानुवर्षं, रोज थोडं थोडं... आता आत काही उरलंय की नाही, मलाच माहीत नाही." मग कसंनुसं हसला. "तुमचे हे मासे सावरले ना, तर मीही हो म्हणेन. ठरलं?"

"ठरलं!" मी म्हणाले. पैज पोरकट होती, पण मी ती घट्ट धरून ठेवली.

आईने फोनवर कपाळाला हात लावला असणार. "अगं, पत्रिका बघून लग्न ठरवतात हे ऐकलं होतं. मासे बघून?"

निकालाच्या दिवशी मी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. नव्या पेशी हिरव्या चमकायला हव्या होत्या. तुलनेसाठी ठेवलेल्या, एकदम इजा झालेल्या माशांचे पडदे हिरवेगार होते. मग हळूहळू दुखावलेले पाहिले... काळोख. दुसरा डोळा, तिसरा — काळोखच.

तो दारात उभा होता. खोटं बोलायचा मोह झाला, खरंच झाला. पण मी उठले आणि त्याला खुर्ची दिली.

"बघ. काहीच उगवलं नाही."

त्याने बराच वेळ पाहिलं. मग बॅग उचलली. "म्हणजे उत्तर मिळालं."

मी दारात आडवी उभी राहिले.

"माशांचं मिळालं. तू मासा नाहीस."

"पण आपलं ठरलं होतं—"

"मोडते मी ते! या पेशी आपणहून जाग्या होत नाहीत ना? मग त्यांना जागं कसं करायचं ते मी शोधेन, कितीही वर्षं लागोत. टाकीपुढे बसून राहायचं मला जमतं. तुझ्यासाठीही जमेल. मी आवडत नसेन तर तसं तोंडावर सांग, लगेच बाजूला होते. पण माशांच्या आड लपायचं नाही."

माझा आवाज थरथरत होता. थरथरू दे.

"आवडतेस," तो म्हणाला. "रोज संध्याकाळ व्हायची वाट बघतो मी... पण फार भीती वाटते गं."

"वाटू दे. भीतीसकट ये."

एवढं बोलून मी दारातून बाजूला झाले. वाट मोकळी होती, आणि तो गेला नाही.