उलटी लावलेली बी

टँकर आला म्हणून स्वरदा बादली घेऊन खाली धावली आणि घाईत दुसऱ्या हातातला काचेचा ग्लासही तसाच खाली आला. ग्लासात टूथपिकांवर तोललेली ॲव्होकाडोची बी होती.

"हा पण टँकरवर भरायचा?" रांगेत मागं उभ्या असलेल्या मुलानं विचारलं.

ती लाजली. का लाजली... तिचं तिलाच कळलं नाही.

तो सार्थक. मूळचा गंगापूरकडचा, वाळूजच्या एका कंपनीत इंजिनिअर; तळमजल्यावर नुकताच भाड्यानं राहायला आला होता. स्वरदा तिसऱ्या मजल्यावर आईबाबांबरोबर राहायची. क्रांती चौकातल्या ऑफिसात दिवसभर नव्या इमारतींचे नकाशे काढायची आणि घरी यावं तर स्वतःच्याच इमारतीची बोअर आटलेली.

त्यानंतर तो रोज संध्याकाळी जिन्यात भेटू लागला. बी काय म्हणते, विचारायचा. कधी उन्हात ठेवा म्हणायचा, कधी सावलीत. एकदा तर स्वतःच्या वाट्याचं तांब्याभर पाणी घेऊन वर आला. कंपनीत त्याची दुसरी पाळी असली की स्वरदाला संध्याकाळ लांबच लांब वाटायची. बी रुजत नाही याचं वाईट वाटायचं. आणि रुजली तर हा पुन्हा कशाला विचारेल, अशी भीतीही. मग तिला नक्की हवं तरी काय होतं?

एक दिवस तिनं मोबाईलवर व्हिडिओ पाहिला. बीचं निमुळतं टोक वर हवं, रुंद बाजू पाण्यात. तिनं नेमकी उलटी लावली होती. हसत हसत तिनं सार्थकला सांगितलं. तो हसला नाही.

"मला पहिल्याच दिवशी दिसलं होतं," तो म्हणाला.

"मग सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं, तर रोज काय विचारलं असतं तुम्हाला?"

दुष्काळात इतके दिवस पाणी वाया घालवू दिलं, म्हणून ती फणकाऱ्यानं वर निघून गेली. दोन दिवस बोलली नाही. पण राग त्याचा होता, की ते उत्तर आवडल्याचा — ते काही ठरेना.

त्याच आठवड्यात बाबांनी जाहीर केलं, आता पुण्याला काकांकडे जायचं. आठ-आठ दिवस नळ कोरडा, आईच्यानं बादल्या उचलवत नाहीत. तिथं तुलाही नोकरी मिळेल, म्हणाले. घरात खोकी भरायला सुरुवात झाली.

स्वरदा खाली गेली. जिन्याशीच सार्थक भेटला. तिनं सगळं सांगितलं आणि वाट पाहत राहिली.

"तिथं नळाला रोज पाणी येतं," तो म्हणाला. "लई बरं राहील तुम्हाला."

"एवढंच?"

त्यानं मान खाली घातली. "इथं बादल्या वाहायला थांबा, असं कोणत्या तोंडानं म्हणू मी?"

"मला नाही माहीत," ती म्हणाली. "मला काहीच कळत नाहीये. पण... एकदा म्हणून तरी बघ ना."

त्या 'बघ'नं त्यानं चमकून वर पाहिलं.

"थांबा," तो म्हणाला.

ती हलली नाही.

"थांब..."

स्वरदा तिथंच पायरीवर बसली. वरून आईनं हाक मारली, तुझी पुस्तकं कोणत्या खोक्यात भरू म्हणून.

"माझी नको भरूस," स्वरदा म्हणाली, आणि त्याला बसायला जागा व्हावी म्हणून जराशी सरकली.