खिडकीच्या बाजूची लाट

"अहो, पाय उचला! पाय!"

नव्या नोकरीच्या पहिल्याच दिवशी असं स्वागत झालं तर माणसाने काय करावं? बाईंनी पाय उचलला. खाली व्हरांडाभर एक लांबलचक स्प्रिंग पसरली होती आणि तिच्या टोकाशी प्रयोगशाळा सहायक उकिडवा बसला होता. उंच, किडकिडीत, एका वाक्यात दोनदा घुटमळणारा. मुलं त्याला 'लंबक' म्हणत, आणि मुलं सहसा चुकत नाहीत.

"दुसरं टोक... धरता का?" त्याने विचारलं. बाईंनी धरलं आणि तिथेच फसल्या.

मग दर गुरुवारी, विज्ञानाच्या तासाच्या आधी, प्रयोगशाळेत दोघांचा सराव. स्प्रिंग आडवी झटकली की नागमोडी लाट. पुढे ढकलली की कड्या दाटत, विरळ होत धावणारी लाट. मधल्या एका कडीला त्याने लाल फीत बांधली होती.

"बघा, लाट तुमच्याकडून माझ्याकडे आली. फीत मात्र जागच्या जागी."

"म्हणजे तुमच्यापर्यंत काहीच पोचलं नाही?"

"ऊर्जा पोचली की, मॅडम."

"इतकंच?"

त्याचे कान लाल झाले. तो टोक घट्ट धरून बसला. मागे एकदा टोक सुटून स्प्रिंगचा असा गुंता झाला होता, की सोडवायला तीन दिवस लागले. तेव्हापासून त्याने धसकाच घेतला होता.

वर्ष संपत आलं. बाईंची नोकरी तात्पुरती; दुसऱ्या शहरातल्या शाळेत कायमची जागा चालून आली. आज चारपर्यंत होकार कळवायचा होता. 'राहा' एवढं ऐकायला बाईंचा जीव कासावीस झाला होता. पण सरळ विचारायची हिंमत त्यांनाही होत नव्हती, हेही खरंच.

"मी खिडकीच्या बाजूने लाट पाठवते," त्या म्हणाल्या. "मी राहावं असं वाटत असेल, तर शेवटच्या कडीला दोरा बांधून नुसता दोरा धरा. टोक मोकळं राहिलं की लाट खिडकीच्याच बाजूने परत येईल. नसेल वाटत... तर कडी मुठीत आवळा. लाट उलटेल, भिंतीच्या बाजूने येईल. मी समजेन."

त्याने दोरा बांधला. दोरा! त्या आनंदात बाईंनी कधी नव्हे इतका जोराचा झटका दिला.

लाट परत आली. भिंतीच्या बाजूने.

बाईंनी टोक खाली ठेवलं, बराच वेळ त्या तोंड धूत राहिल्या आणि चारच्या ठोक्याला ऑफिसात जाऊन त्यांनी होकार कळवला.

निरोपाच्या दिवशी तो बॅग घेऊन स्टॉपपर्यंत आला.

"त्या दिवशी... झटका फार जोराचा होता. दोरा सुटेल असं वाटलं, म्हणून हाताने आपोआप कडी पकडली. सवय हो... मनात तसं नव्हतं."

रडावं की याच्या थोबाडीत द्यावी, बाईंना कळेना.

"हाताला सवय होती, मान्य. तोंडाला काय झालं होतं?"

"तुम्ही लगेच निघून गेलात..."

"चार वाजायला दीड तास होता हो!"

बस आली. बाई तरीही चढल्या नाहीत. अजूनही त्याने तो एक शब्द उच्चारला असता, तर नोकरी गेली खड्ड्यात! लंबक किंचित पुढे झुकला... मागे झाला.

"पोचल्यावर कळवा," तो म्हणाला.

बाईंनी त्याच्या हातातून बॅग ओढून घेतली आणि त्या बसमध्ये चढल्या.

त्यांनी कळवलं नाही.