साफ केलेली कॅसेट

जोहे गावचा पुंडलिक त्या दिवशी पेणला गेला तो एका कॅसेटपायी. फीत टेपरेकॉर्डरच्या चाकात गुंतून तुटली होती आणि असली जुनी फीत जोडणारा आता एकच उरला होता, काळुराम. हा कंपनीत शिफ्ट करायचा आणि घरी विलायती रॉकच्या रेकॉर्डी जमवायचा. कपाट भरून रेकॉर्डी. म्हणून त्याला वाटायचं, गाण्यातलं आपल्यालाच कळतं.

ती कॅसेट काय होती ते आधी ऐका, नाहीतर पुंडलिकाचा संताप उगाच वाटेल.

एकोणऐंशी साली रोह्याला आयझॅकच्या घरी रेकॉर्ड प्लेयर होता. रविवारी दुपारी तिघं जमायचे. आयझॅक, त्याचा चुलतभाऊ हासाजी आणि पुंडलिक. इंग्रजी पुंडलिकाला ओ की ठो कळायचं नाही, पण मत असायचं. आयझॅक गिटारवर खूश, हासाजी ढोलावर. पुंडलिक म्हणायचा, "गाणारा नुसता बोंबलतोय, बाजारात मावरं विकणाऱ्या कोळणीसारखा. पण मनापासून बोंबलतोय, हां."

आयझॅक इस्रायलला निघाला तेव्हा त्याने आवडत्या रेकॉर्डची कॅसेट करून दिली. वायरी कुठल्या असायला! टेपरेकॉर्डर स्पीकरसमोर ठेवला आणि बटण दाबलं. गाण्याबरोबर ती खोलीही फितीवर चढली. तिसऱ्या गाण्यात मधेच सगळी वाद्यं थांबतात. तिथे आतून आयझॅकची बायको फ्लोरा ओरडते, "चहा निवतोय रे!" हासाजी खोकतो आणि म्हणतो, "थांब गो, आता ढोल येतो." पुंडलिक हसतो. मग ढोल येतो.

हासाजी पुढच्याच वर्षी गेला. फ्लोरा तिकडे इस्रायलात वारली. दोघांचे आवाज जगात कुठे असतील तर त्या हातभर फितीवर.

पुंडलिक मूर्तींच्या कारखान्यात गणपतीचे डोळे आखायचा, चाळीस वर्षं त्याच गाण्यावर. वाद्यं थांबली की श्वास रोखायचा. "थांब गो" ऐकलं की बुबुळाची रेघ वळवायची, ढोल आला की ब्रश उचलायचा. तसे डोळे जोह्यात नाहीत, शेजारच्या हमरापुरातही नाहीत.

आठ दिवसांनी तो कॅसेट आणायला गेला.

"काका, नुसती जोडली नाय," काळुराम छाती काढून म्हणाला. "कंप्युटरवर घेऊन साफ केली. खोकला, बडबड, सगळा कचरा काढला. मग त्याच फितीवर परत भरली."

"आणि जुनं?"

"पुसलं. ठेवून करायचं काय? खऱ्या रेकॉर्डमध्ये असलं काय नाय. माझ्याकडं हाय ना. इथं तीन माणसं मधेच तोंड घालतात. एक तर फिदीफिदी हसतो."

"काळ्या!" पुंडलिक कडाडला. "फीत जोडायला दिली होती तुला! माणसं पुसायला कोणी सांगितलं? दोघं मेलेली हायत त्यातली! अक्कल नसलेल्या, रेकॉर्डी लागल्या म्हणजे कान आले काय तुला?"

"आणि तिसरा कोण?"

"तिसरा मी!"

"काय म्हणालात?"

"मी! मी!"

"मोठ्यानं बोला ना काका."

पुंडलिक कॅसेट हिसकावून निघाला. एसटीत कंडक्टरने तीनदा विचारलं, "आजोबा, कुठं जायचंय?" तीनदा सांगितलं तरी ऐकेना. शेवटी बोटाने पाटी दाखवावी लागली. सगळे बहिरे झालेत, पुंडलिक मनात म्हणाला, म्हाताऱ्याचं ऐकायचं सोडून दिलंय जगाने. घरी येऊन त्याने बायकोला, सगुणेला, पाण्यासाठी हाका मारल्या. ती बऱ्याच वेळाने बाहेर आली.

"अवो, आलात कधी? हाक तरी मारायची."

तो आणखीनच भडकला.

दुपारी तो कारखान्यात बसला. ओळीने बिनडोळ्यांचे गणपती, रंगाचा आणि ओल्या मातीचा वास. मांजर पायाशी झोपलेलं. त्याने कॅसेट लावली. तिसरं गाणं आलं, वाद्यं थांबली. पुंडलिकाने श्वास रोखून ब्रश टेकवला.

काही नाही.

नुसतं शांत नव्हतं. कोणीतरी उठून गेल्यावर जागा जशी रिकामी दिसते, तशी ती शांतता होती. रेघ कुठे वळवायची ते हाताला कळेना. ब्रश तसाच खाली आला, थेट देवाच्या गालापर्यंत.

पुंडलिकाने काळ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, अगदी गळ्याच्या शिरा फुगवून. पायाशी झोपलेल्या मांजराने कानसुद्धा हलवला नाही.

तेवढ्यात फोन वाजला. काळुरामच होता. आवाज दबका.

"काका… तुमच्या कॅसेटमधली ती बाई… चहा निवतोय म्हणायची ना?"

पुंडलिक उठून उभा राहिला.

"ती माझ्या रेकॉर्डींत आलीय. सगळ्यांत. आताच नवीन रेकॉर्डचं पाकीट फोडलं… तिच्यात पण. वाद्यं थांबली की हाक मारते. तो खोकणारा पण हाय."

हासाजी! पुंडलिकाचा राग कुठल्या कुठे गेला. डोळ्यांत पाणी आलं. "अरे, मग फोन तिकडं धर! ऐकू दे मला!"

"तिसरा मात्र हसत नाय आता…" काळुराम रडवेला झाला होता. "मघापासून शिव्या घालतोय. मला काळ्या म्हणतो. आता या घटकेला म्हणतोय… फोन तिकडं धर, ऐकू दे मला… काका? तुम्ही कायच का बोलत नाय? हॅलो?"

"अरे, मी बोलतोय!"

"हॅलो? काका?"

दारात सगुणा येऊन उभी राहिली. हातात पाण्याचा तांब्या.

"अवो, काय झालं? कवापासून नुसतं तोंड हलवताय."

पुंडलिकाने तिच्याकडे पाहिलं, फोनकडे पाहिलं. सगळा जीव एकवटून तो ओरडला. कारखान्यात आवाज झाला तो तांब्या पडल्याचा.

मग फोनमधून, लांबून, काळुरामच्या खोलीतल्या स्पीकरमधून कोणीतरी खोकलं.

"थांब रे पुंडलिक… आता ढोल येतो."

चाळीस वर्षं त्याने ती कॅसेट ऐकली होती. हासाजीने तिच्यात त्याचं नाव कधीच घेतलं नव्हतं.