तिसऱ्या मजल्याची तपासणी

वर्कशॉपमध्ये वीज गेली की नवी पोरं काचकाकांना घेरतात. काकांनी उभा जन्म काच कापण्यात घालवला. सत्तरी आली, पण काच कापताना हात अजून थरथरत नाही.

"माझ्या ओळखीचा एक पोरगा होता," असं म्हणून ते सुरू करतात.

"काका, भूत दारातून येतं की खिडकीतून?"

"दारं आपण बसवत नाही रे. खिडकीचं काय ते विचार."

पोरं हसतात. मी हसत नाही. तो पोरगा मीच. माझी लाज राखायची म्हणून काका काही गोष्टी गाळतात. मी गाळणार नाही.

गुरुवार होता, चौदा नोव्हेंबर. दादा जाऊन एकोणीस दिवस झाले होते.

आम्ही दोघं भाऊ दाजींकडे खिडक्या बसवायचो, काचा काका कापून द्यायचे. दाजी म्हणजे ताईचे मिस्टर. धंदा त्यांचा. आईबाबा गेल्यावर त्यांनीच आम्हाला हाताशी धरलं. मी सातवीत शाळा सोडली तेव्हा दादाने कान पिळला आणि दाजींनी हातात स्क्रूड्रायव्हर दिला.

एका नव्या घराच्या तिसऱ्या मजल्यावर दादा खिडकी तपासत होता. शेवटी खांदा लावून फ्रेम ढकलून बघायची, ही आमची पद्धत. त्याने ढकललं आणि फ्रेमसकट तो खाली गेला. मी टेम्पोतून काचा उतरवत होतो. मला फक्त आवाज आला.

"स्क्रू मारायला विसरला," दाजींनी सगळ्यांना सांगितलं. "फटीत भरतात त्या नुसत्या फोमवर सोडली खिडकी. लक्ष कुठे होतं कोण जाणे."

आणि मी ते मानलं. नुसतं मानलं नाही. घरी दादाचा फोटो लावला होता, त्याच्यासमोर उभा राहून मी ओरडलो, "आठ स्क्रू! एवढे मोजता येत नव्हते तुला?" फोटो भिंतीकडे तोंड करून ठेवला. ताई रडत होती, तिलाही खेकसलो.

त्या गुरुवारी संध्याकाळी दाजींनी मला बोलावलं.

"उद्या मालक राहायला येतायत. सगळ्या खिडक्या तपास आणि फॉर्मवर सही कर. त्या खोलीत मी स्वतः नवी खिडकी बसवलीय. तीसुद्धा खांदा लावून बघ, चांगला जोर लावून."

"सही तुम्ही करा ना दाजी."

"अरे वेड्या, दादाची चूक धाकट्याने निस्तरली, असं लोक म्हणू देत. त्याचं नाव राहील."

मला भरून आलं. दाजींचा हात धरून मी लहान पोरासारखा रडलो. काका हे गाळतात.

रात्री साडेनऊला काचकाका आणि मी त्या घरी पोहोचलो. अंधारातच जायचं होतं, कारण बारीक फट दिवसा दिसत नाही. एकाने आत दिवा घेऊन फ्रेमच्या कडेने फिरायचं, दुसऱ्याने बाहेरून बघायचं, उजेड कुठून गळतोय ते. काका खाली रस्त्यावर थांबले. मी वर गेलो. फोन चालूच ठेवला.

"स्वयंपाकघर?"

"दिसत नाही काही. पास. पुढे चल, थंडीने माझे गुडघे वाजतायत."

"गुडघे वाजतायत की दात?"

"दात घरी ठेवून आलोय. चल."

उजेडाची तपासणी झाली की कागदाची. खिडकीचा पल्ला आणि फ्रेमच्या मधे कागदाची पट्टी धरायची आणि पल्ला लावायचा. मग पट्टी ओढायची. सहज सुटली तर रबर नीट बसलेलं नाही. दादा पट्टी दोनदा ओढायचा. मी विचारलं तर म्हणायचा, "एकदा मालकासाठी, एकदा आपल्यासाठी."

सहा खिडक्या झाल्या. सगळ्या पास.

सातवी ती.

खोलीत नव्या रंगाचा वास होता. फरशी पुसलेली. मी दिवा फिरवला.

"काका?"

मी दिवा पुन्हा एकदा कडेने फिरवला.

"काका, गळतोय का उजेड?"

"…थांब जरा."

मी थांबलो नाही. मला काम उरकायचं होतं. पट्टी धरली, पल्ला लावला. अर्धी पट्टी आत, अर्धी बाहेर. ओढली. हलली नाही. बरं वाटलं. दाजींचं काम म्हणजे काम, असं मनात आलं.

पट्टी सोडली आणि फॉर्म काढायला खिशात हात घातला.

पट्टी हलली.

हळूच. बाहेरच्या बाजूला. बोटभर गेली आणि थांबली.

वारा असेल. पण समोरच्या झाडाचं पान हलत नव्हतं. आणि वाऱ्याने ओढायला ती सैल कुठे होती? मी स्वतः ओढली होती.

मी पट्टीचं टोक धरलं.

बाहेरून ओढ आली. एक.

मग दुसरी.

बाहेर काही नव्हतं. परांची बांधलेली नव्हती. शिडी नव्हती. तीन मजले खाली रस्ता.

माझं डोकं फिरलं. मी असाच आहे. भीती वाटली की मला राग येतो. म्हटलं, आता खांदाच लावतो, काय आहे ते बघतो. दोन पावलं मागे सरलो, जोर घ्यायला.

"बाळा." फोनमधून काकांचा आवाज आला. तसा आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता. "खिडकीला टेकू नकोस."

"का? काका, का?"

"टेकू नकोस म्हटलं ना. खाली बस."

मी खाली बसलो. हातांना काहीतरी काम हवं होतं, म्हणून फ्रेमच्या कडेची झाकणपट्टी स्क्रूड्रायव्हरने उचकटली. आत पिवळा फोम. फोम खरवडला. स्क्रूचं भोक होतं.

स्क्रू नव्हता.

दुसरं भोक. रिकामं.

तिसरं. चौथं.

आठही.

मी दाजींना फोन लावला.

"दाजी, तुमच्या खिडकीत एकही स्क्रू नाही."

"अरे, फोम वाळला की दगड होतो. स्क्रू मारले की नव्या भिंतीला तडे जातात, मग मालक बोंबलतो…"

"दादालाही हेच सांगितलं होतं तुम्ही? तो विसरला नव्हता?"

पलीकडून फक्त श्वास ऐकू येत होता.

"दाजी, मला म्हणालात, जोर लावून ढकल…"

मागून ताईचा आवाज आला, झोपेतला. "कोण आहे हो एवढ्या रात्री?"

"राँग नंबर," दाजी म्हणाले.

फोन बंद झाला.

खाली आलो तेव्हा काका घराकडे पाठ करून रस्त्याच्या कडेला बसले होते.

"काय दिसलं काका?"

मान वर न करता ते म्हणाले, "खिडकीभर उजेड होता. मधे माणसाएवढी जागा काळी होती. म्हटलं, तुझीच सावली. पण तू पट्टीसाठी वाकलास ना…"

"हं."

"ती वाकली नाही."

टेम्पोच्या उजेडात मी फॉर्म भरला. माझं अक्षर वाईट आहे. तरी मोठ्या अक्षरात लिहिलं, सातवी खिडकी नापास, आठ स्क्रू नाहीत, बसवणाऱ्याचं नाव दाजी. खाली सही केली. सकाळी तो मालकाच्या हातात दिला आणि तिथून ताईकडे गेलो. तिला सगळं सांगितलं. राँग नंबरचंसुद्धा. तिने बॅग भरायला घेतली.

घरी येऊन फोटो सरळ केला. माफी मागायची होती. फोटोची काच पुसत राहिलो.

दुपारी काका आणि मी दोरखंड लावून ती खिडकी उतरवली. दुहेरी काचेची होती. कारखान्यातच दोन काचा चारी बाजूंनी बंद करतात, मधे हवासुद्धा शिरत नाही. काकांनी ती भिंतीला टेकवून उभी केली आणि फडक्याने पुसली. मग उलटी करून मागून पुसली. आणि फडकं खाली ठेवलं.

काचेवर वाफेचा एक गोल डाग होता. थंडीत काचेला तोंड लावून कुणी श्वास सोडावा, तसा. आतून पुसला जाईना, बाहेरून पुसला जाईना. तो दोन काचांच्या मधे होता.

चार महिने झाले. खिडकी वर्कशॉपच्या मागच्या खोलीत आहे. दोनदा मी हातोडा घेऊन गेलो. म्हटलं फोडू, सुटेल तरी. दोन्ही वेळा हात खाली आला. फोडली आणि त्यानंतर तिथे काहीच उरलं नाही तर?

काका पोरांना म्हणतात, जा, बघून या. पोरं बॅटरी घेऊन जातात आणि गप्प होऊन येतात.

वाफ विरत नाही. लहान होते. थांबते.

मग पुन्हा मोठी होते.